शाई वाळेपर्यंत उठायचं नाही

या, बसा. त्या सीटवर नको, तिची स्प्रिंग चावते. ही घ्या, जुन्या बसच्या ड्रायव्हरची सीट, हिच्यावर माणूस तासन्तास बसला तरी पाठ कुरकुर करत नाही. आमच्यातला एक, मोजणी म्हणतो आम्ही त्याला, त्यानं पाठवलंय म्हणजे कान तयार असणार तुमचे. रेकॉर्ड ऐकवतोच. पण ह्या रेकॉर्डच्या आधी एक किस्सा ऐकावा लागतो, फुकट सुटका नाही. आमच्या नियमात खरं तर हे बसत नाही. इथं जो रेकॉर्ड आणतो त्यानं तोंडाला कुलूप लावायचं. कुणाची आहे, कुठली आहे, चकार शब्द काढायचा नाही. ह्या एकीला सूट आहे. का, तेच सांगतो.

हे माझं दुकान. गाड्यांच्या सीटा शिवतो मी, म्हणून मला सगळे गादी म्हणतात. बायकोसुद्धा म्हणते, काय करणार. आठवड्याच्या सुट्टीला दुपारी मी शटर अर्ध्यावर ओढतो आणि आमची मंडळी जमतात. चारी भिंतींना फोमच्या थप्प्या आहेत, त्यामुळं आतला आवाज रस्त्यावर जात नाही आणि रस्त्यावरचा आत येत नाही. असली खोली कुणी पैसे टाकून बांधत नाही, आपली आपोआप झालीय.

आम्ही ऐकतो ते प्रोग्रेसिव्ह रॉक. माझी शाळा सहावीत सुटली, त्यामुळं ते काय असतं ते मला पुस्तकातलं सांगता येणार नाही. आपलं सोपं आहे. गाणं सुरू होतं एका ठेक्यात, अर्ध्यात ठेका बदलतो, मग कीबोर्डवाला भलतीकडेच निघून जातो, आणि तुम्ही म्हणता आता हा काही परत येत नाही, तेवढ्यात सगळे मिळून सुरुवातीच्या सुरावर येतात आणि अंगावर काटा येतो. ह्यावर नाचायला गेलात तर पाय मुरगळेल. बसूनच ऐकायचं.

आणि बसायचं म्हणजे बसायचं. तो आमचा मुख्य नियम. रेकॉर्ड आणणारा ती घेऊन येतो ह्या काळ्या रेक्झिनच्या पाकिटात. मीच शिवलेलं आहे. मधल्या गोल कागदावर पट्टी चिकटवलेली, नाव दिसायला नको. मग एक बाजू, दुसरी बाजू, कुणी बोलायचं नाही, कुणी उठायचं नाही. जो उठला त्यानं सांगितलं की मला हे नको. एक जरी उठला तरी ती रेकॉर्ड पुन्हा ह्या खोलीत येत नाही. कडक आहे, मान्य. पण त्यामुळंच कुणी उगाच काहीबाही आणत नाही. 

हा नियम थोरल्यांचा. थोरले म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने. छापखाना आहे त्यांचा, वडिलांपासूनचा. हाताची बोटं कायम काळी, बोलणं तोलूनमापून, आणि उठणं तर त्याहून कमी. इतक्या वर्षांत थोरले एकदाच उठले होते. ते एकदा उठणंच ह्या सगळ्याच्या मुळाशी आहे.

थोरल्यांना एक धाकटा भाऊ. ड्रम वाजवतो. माझी धाकटी बहीण त्याला दिलीय, म्हणजे तो माझा मेहुणा. लहानपणापासून ह्याच खोलीत फोमवर लोळून मोठा झालेला पोरगा. त्यानं आपली पहिली रेकॉर्डिंग केली तेव्हा मोठ्या उमेदीनं इथं आणली, पाकिटात घालून, नियमाप्रमाणं. दुसरं गाणं चालू असताना थोरले उठले. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "सगळ्यांची नक्कल जमलीय तुला. ह्यात तू कुठं आहेस?"

वाईट असं की ते खरं होतं. आम्हाला सगळ्यांना कळत होतं, म्हणून कुणी मध्ये पडलं नाही. धाकट्यानं रेकॉर्ड उचलली, पाकीट माझ्या शिलाई मशीनवर ठेवलं आणि वाकून शटरखालून गेला. तो भावाच्या घरातून पण गेला. बहीण म्हणाली, रात्रीत सामान बांधलं. त्यानंतर सणासुदीला नाही, आजारपणात नाही, दोन भाऊ एकमेकांसमोर आले नाहीत. माझी बहीण मध्ये सँडविच. थोरल्यांना विचारलं तर म्हणायचे, मी गाण्याबद्दल बोललो होतो, त्याच्याबद्दल नाही. आता हे म्हणजे सुताराला म्हणायचं की तुझी खुर्ची मोडकी आहे, तू नाहीस.

तर मागच्या पावसाळ्यानंतर बहीण दुकानात आली. पिशवीत ही रेकॉर्ड. म्हणाली, दादा, ह्यांनी नवीन केलीय, सगळं स्वतःचं आहे, थोड्याच छापून घेतल्यात. तू खोलीत लाव. मी म्हटलं, थोरल्यांना कळलं तर बसायच्या आधीच उठतील. ती म्हणाली, कळणार कसं, तुमचा नियमच आहे ना न सांगायचा. बायका नियम वापरतात, आपण नुसते पाळतो.

मी घरी नेऊन ऐकली आणि माझी झोप उडाली. चांगली होती म्हणूनच उडाली. वाईट असती तर सरळ सांगितलं असतं, बाई, राहू दे.

मग धाकटा स्वतः आला. दाराशीच उभा, आत पाय टाकेना. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: त्याला दुसऱ्या गावी कारखान्यात नोकरी लागतेय, बिऱ्हाड हलवायचंय, ड्रम विकून टाकायला गिऱ्हाईक पण बघून ठेवलंय. जायच्या आधी एकदा बघायचंय. मी विचारलं, काय बघायचंय.

"दादा शेवटपर्यंत बसतो का ते. बसला तर मी आत येईन. उठला तर तू माझं नाव त्याच्यासमोर काढायचं नाहीस. कधीच."

"अरे, पण तो उठला तर दुसऱ्या कशासाठी पण उठला असेल."

"इथं कुणी दुसऱ्या कशासाठी उठत नाही, गादी. तुला माहितीय."

माहिती होतं.

तर तो दिवस. समोर रस्त्यापलीकडे चष्म्याचं दुकान आहे, सुट्टीचं बंद असतं. त्याच्या पायरीवर धाकटा बसणार असं ठरलं. माझं शटर अर्ध्यावर, त्यामुळं त्याला आतले फक्त पाय दिसणार, आणि मला आतून त्याचे बूट. तपकिरी बूट, डाव्या टाचेला झिजलेले. आवाज त्याच्यापर्यंत जाणारच नव्हता, फोमची कृपा.

आत आम्ही चौघं. थोरले इथं, तुम्ही बसलात त्याच सीटवर. शेजारी मेट्रन, म्हणजे आमच्या निवृत्त नर्सबाई. डोळे मिटून ऐकतात, आणि मिटलेल्या डोळ्यांनी पण कोण चुळबुळ करतंय ते त्यांना दिसतं. पलीकडे मोजणी. जमिनीची मोजणी करतो सरकारी खात्यात, आणि इथं ठेके मोजतो. गाणं सुरू झालं की ह्याची बोटं चालू. नंतर सांगणार, आधी नऊ होते, मग सात, मग तेरा. आम्ही म्हणतो, तुझ्या बायकोनं हाक मारली तर तिची पण मात्रा मोजशील. तो म्हणतो, मोजलीय, दर वेळी वाढते.

मी सुई ठेवली आणि शटरपाशी स्टुलावर बसलो.

पहिल्या बाजूचं काय सांगू, ऐकालच. पहिल्या गाण्यात बास गिटारवाला एकटाच बराच वेळ फिरतो, जसा कुणी अंधारात बटण शोधतोय. दुसरं थोडं लांबलंय, खरं सांगतो, कीबोर्डवाल्याला थांबवायला कुणीतरी हवं होतं. त्या दुसऱ्या गाण्यात माझा जीव नुसता टांगणीला. मागच्या वेळी थोरले दुसऱ्यातच उठले होते. मी त्यांच्या चपलांकडे बघतोय. बाहेर बुटांकडे बघतोय. पुन्हा चपलांकडे. मानेचा पट्टा लावायची वेळ. पण गाणं संपलं, तिसरं आलं, बाजू संपली, आणि थोरले जागचे हलले नव्हते. मेट्रनबाईंनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. म्हणजे पसंत होतं.

मी बाजू बदलली. रेकॉर्ड आणणाऱ्याला तेवढंच उठायची परवानगी.

दुसरी बाजू म्हणजे एकच गाणं, पूर्ण बाजूभर. सुरुवातीला काहीच नाही, फक्त ड्रम. साधा ठोका नाही तो. एक जड, मग खरखर, मग दोन हलके, आणि शेवटी एक ठोका जरा उशिरा येतो, लंगडत. दर फेरीला लंगडतो. मी घरी ऐकलं तेव्हा ओळखलं नव्हतं, बहिणीनं सांगितलं. त्यांच्या वडिलांचं पायानं चालवायचं छपाईचं मशीन होतं. त्याच्या चाकाचा एक दात झिजला होता, म्हणून दर फेरीला ते एकदा अडखळायचं. घर आणि छापखाना एकाच खोलीत. दोघं भाऊ त्या आवाजावर झोपले, त्या आवाजावर उठले. वडील कागद छापून मांडायचे आणि पोरांना म्हणायचे, शाई वाळेपर्यंत उठायचं नाही. पोरं उठली की कागदावर पाय, आणि पाय पडला की धपाटा. रेकॉर्डचं नाव तेच ठेवलंय त्यानं, शाई वाळेपर्यंत. पण ते पट्टीखाली झाकलेलं होतं.

थोरल्यांच्या चपला एकदम स्थिर झाल्या. मघाशी अंगठा हलत होता, तो थांबला.

ओळखलं त्यांनी. आता हा माणूस काय करणार? कुणाची आहे ते कळलं. फसवून ऐकवली ते पण कळलं. रागानं उठला तर? चेहरा बघायची माझी हिंमत नव्हती. मी नियमाच्या आडून खेळ केला होता आणि थोरल्यांना असला खेळ खपत नाही.

ते बसून राहिले. ठेका फिरतोय, त्यावर ऑर्गन हळूहळू चढतोय, आणि मी मनात म्हणतोय, अजून थोडं, अजून थोडं.

आणि ऑर्गन चढायचा थांबला.

तोच तुकडा पुन्हा आला. पुन्हा आला. पुन्हा. ठक, खर्र, ठक-ठक, ऑर्गनचा अर्धा सूर, कट. ठक, खर्र, ठक-ठक, अर्धा सूर, कट.

मी रेकॉर्डच्या मशीनकडे पाहिलं. सुई जागेवरून सरकत नव्हती. माझ्या ह्या दुकानात हवेत फोमचा चुरा असतो, तो बसला असणार खाचेत आणि सुई अडकली असणार. कुठल्याही घरात पोर पण ओरडलं असतं, सुई अडकली, सुई अडकली. पण ही आमची मंडळी. ह्यांनी आयुष्यभर असलीच गाणी ऐकलेली, जिथं एकच तुकडा पन्नासदा येतो आणि लोक वाहवा म्हणतात. मोजणीची बोटं जोरात चालायला लागली. त्यानं माझ्याकडे बघून अकरा दाखवले, आणि मग डोळे मोठे केले, म्हणजे काय हिंमत आहे ह्या माणसाची. मेट्रनबाई तर डुलायला लागल्या. एवढ्या समाधानानं डुलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आणि मी स्टुलावर. उठलो तर माझीच रेकॉर्ड बाद. बोललो तर बाद. नाही उठलो तर हे संध्याकाळपर्यंत अकरा मोजत बसणार आणि गाणं जिथं जायचंय तिथं कधी जाणारच नाही. बाहेर ते तपकिरी बूट, पायरीवर, एकावर एक ठेवलेले. त्याला वाटत असणार, बसलेत, सगळे बसलेत. ठक, खर्र, ठक-ठक, कट.

थोरले उठले.

सीट करकरली, चपला जमिनीवर वाजल्या. मेट्रनबाईंचे डोळे उघडले. मोजणीची बोटं हवेत राहिली. आणि समोर, रस्त्यापलीकडे, बूट पण उभे राहिले.

मी बघत राहिलो. थोरले चालत मशीनपाशी गेले. खाली वाकले, अगदी रेकॉर्डला नाक लागेल इतके, आणि फुंकर मारली. छापखान्यातला माणूस छापायच्या अक्षरांच्या खिळ्यांवरचा कचरा उडवतो ना, तशी बारीक, तिरकी फुंकर. मग शाईच्या बोटानं सुईला नखभर धक्का दिला.

आणि तो लंगडा ठोका आला. इतका वेळ गायब होता तो. अडकलेल्या तुकड्यात तोच तेवढा कापला जात होता. आम्हाला तिघांना त्याची आठवण पण राहिली नव्हती. थोरल्यांना मात्र तोच तेवढा राहतोय हे ऐकू येत होतं.

ऑर्गन सुटला, वर गेला. मी बाहेर पाहिलं. बूट निघाले होते, कोपऱ्याकडे.

मग मी नियम, रेकॉर्ड, सगळं सोडलं. शटरखालून निघताना डोकं आपटलं, ही खूण बघा, अजून आहे. रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्यानं माझ्या खानदानाची चौकशी केली. कोपऱ्यावर धाकट्याचा दंड धरला. तो वळला नाही.

"उठला ना," तो म्हणाला.

मी म्हटलं, अरे अडकली होती, त्यानं सोडवली. त्याला खरं वाटेना. म्हणाला, इतकी वर्षं तुमच्या खोलीत कुणी अडकलेली सुई ओळखली नाही आणि आज दादानं ओळखली? तू माझी समजूत काढतोयस. मी दम लागलेला माणूस, मला वाद जमेना. मी म्हटलं, चल आणि नुसते पाय बघ. आत येऊ नकोस. पाय बघायला काय जातंय तुझं.

ओढतच आणला. शटरसमोर फुटपाथवर दोघं उकिडवे बसलो, दोन मांजरांसारखे. आत गाणं शेवटाकडे आलं होतं. फोममधून निसटून थोडं थोडं शटरखाली येत होतं. थोरले जागेवर परत गेलेच नव्हते. मशीनच्या टेबलापाशी उभे होते. डावा पाय जमिनीवर घट्ट. आणि उजवा पाय चालत होता.

ठेका धरत नव्हते ते. मोजणीसारखं बोट-बिट नाही. टाच खाली, चवडा खाली, पूर्ण वजन टाकून पाय खाली जात होता आणि वर येत होता, जणू पायाखाली छपाईच्या मशीनचं पेडल आहे आणि पेडलला जोडलेलं चाक आहे. आणि दर फेरीला एकदा, त्या लंगड्या ठोक्याच्या जागी, पाय क्षणभर थांबत होता, मशीनला वाट देत होता.

धाकट्यानं माझा खांदा धरला. जोरात धरला.

गाणं संपलं. सुई आतल्या खाचेत खरखरत राहिली. मग थोरल्यांचा आवाज आला, नेहमीसारखा कोरडा. मोजणीला सांगत होते, मी उठलो ते उठलो. नियमाप्रमाणं ही बाद. पण पहिल्यापासून परत लावा, आज मला नियम बदलायचाय. मोजणीनं घसा साफ करून विचारलं, ते मधलं अकराचं काय होतं. थोरले म्हणाले, फोमचा कण होता. मेट्रनबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

आणि मग थोरल्यांच्या चपला शटरकडे वळल्या. त्यांना तिथून काय दिसत असणार? माझे पाय, आणि शेजारी तपकिरी बूट, डाव्या टाचेला झिजलेले.

"आत ये," ते म्हणाले. "वाकून ये. एकाचं फुटलंय आधीच."

तो आला. कुणी मिठी मारली नाही, आमच्यात तसलं नसतं. थोरल्यांनी मधल्या कागदावरची पट्टी नखानं सोलली, नाव वाचलं, आणि बराच वेळ नुसतं वाचत राहिले. मग म्हणाले, "बाबांचं मशीन एवढं जोरात कधी चाललं नव्हतं."

"तुझ्या पायानं नव्हतं चालत," धाकटा म्हणाला. "बाबांच्या चालायचं."

थोरल्यांनी सरकून सीटवर अर्धी जागा केली त्याला. ड्रायव्हरची सीट, दोघं कसे मावले देव जाणे. दुसऱ्यांदा ऐकताना मोजणीनं पण बोटं खिशात ठेवली. 

नोकरी त्यानं घेतली, घर चालायला हवं ना. पण ड्रम विकले नाहीत. ते थोरल्यांच्या छापखान्यात मागच्या खोलीत ठेवलेत आणि सुट्टीला तो आला की तिथं काय गोंगाट चालतो ते माझ्या बहिणीला विचारा.

तर ही ती रेकॉर्ड. तुम्ही ह्यातलं जाणता म्हणून सांगतो, गेल्या कित्येक वर्षांत ह्या खोलीत ह्याच्या तोडीचं काही वाजलेलं नाही. मी मेहुणा म्हणून म्हणत नाही. म्हणत असेन तर पहिली बाजू संपल्यावर मला तोंडावर सांगा. मशीन मघाशीच पुसलंय, फोमचा कण नाही. आवडलं नाही तर उठा, काही वाटून घेणार नाही. पण दुसऱ्या बाजूला तो लंगडा ठोका यायचा राहिला असं वाटलं, तर मोजत बसू नका, सरळ येऊन फुंकर मारा. तोच नियम बदललाय आम्ही, म्हणून तर हिचा किस्सा आधी सांगावा लागतो.

बरं, तुम्ही दाराजवळ आहात. ते शटर तेवढं अर्ध्यावर ओढा.